पद्मिनीचा आवाज, धुळ्याचं ऊन

धुळ्याहून लळिंगच्या दिशेनं जुनी पद्मिनी साठच्या वेगानं नेली, की मागच्या सीटवरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागतो. इंजिन, गिअर, टायर, दारांच्या फटीतून शिरणारा वारा आणि डोक्यावरच्या टपाचा पत्रा हे सगळे एकदमच बोलत असतात. जुनी गाडी पूर्ण उघडून नव्यानं उभी करायला घेतलेल्या माणसाला इथे एक मोह होतो. सीट बाहेर आहेत, अस्तर निघालेलं आहे, सगळा पत्रा मोकळा आहे, तर आतून जिकडेतिकडे साउंडप्रूफिंगची शीट चिकटवून टाकू, असं वाटतं. कार डेकोरच्या दुकानांत अ‍ॅल्युमिनियमचं चकाकतं तोंड असलेली शीट सहज मिळू लागल्यापासून हा मोह वाढला आहे. माझं सांगणं असं, की खान्देशातल्या जुन्या गाडीला हे सामान कमीच लागतं. ते योग्य जागी लागतं, योग्य क्रमानं लागतं, आणि खालचा पत्रा वाळू शकेल अशा रीतीनं लागतं. आपल्याकडे उष्णता आवाजाइतकीच त्रास देते, आणि आत अडकलेलं पाणी या दोघांपेक्षा जास्त नुकसान करतं.

हा लेख मुख्यतः फियाट आणि पद्मिनीसाठी आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून या गाड्या बाहेर पडल्या. आधीची ‘डुक्कर फियाट’, मग ११०० डी, आणि सत्तरच्या दशकात त्याच गाडीला मिळालेलं पद्मिनी हे नाव. जिल्ह्याच्या ठिकाणचे डॉक्टर, वकील, जिनिंगवाले व्यापारी यांच्या दारात दोन-तीन दशकं हीच गाडी उभी असायची, आणि आज त्यांची मुलं-नातवंडं ती गोडाऊनमधून बाहेर काढत आहेत. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर सेवेतून गेली, तेव्हापासून घरच्या पद्मिनीबद्दलची आपुलकी आणखी वाढल्याचं मी पाहतो. अ‍ॅम्बॅसेडरला यातलं जवळजवळ सगळं लागू पडतं. जीपचं थोडं वेगळं आहे, ते ओघात सांगतो.

गाडीचा स्वभाव आधी ध्यानात घ्या. १०८९ सीसीचं इंजिन, जेमतेम चाळीसेक अश्वशक्ती, गाडीचं वजन सुमारे ९०० किलो. वेगळी चासी नाही. बॉडीच सगळा भार पेलते. म्हणजे जमिनीचा पत्रा किंवा दाराखालची पेटी गंजली तर गाडीचा कणाच गंजला. आणि चाळीस अश्वशक्तीच्या गाडीत चाळीस-पन्नास किलोचं शीट भरलं, तर ती चढावर लगेच सांगते.

पहिला प्रश्न आवाजाचा नाही, गाडी कुठे वाढली याचा आहे. आयुष्यभर धुळे-जळगावातच राहिलेल्या गाडीचा पत्रा बहुधा चांगला निघतो, कारण हवा कोरडी आणि पाऊस बेताचा. मुंबईहून किंवा कोकणातून आणलेल्या गाडीचं तसं नसतं. वरून रंग झळकतो आणि मॅट उचलली की खाली खपल्या निघतात. अशा गाडीत शीट चिकटवणं म्हणजे गंजाला आडोसा करून देणं.

आधी आवाज कुठून येतो ते शोधा

शीट विकत घेण्याआधी दोन-तीन दिवस गाडी फक्त ऐका. उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये इंजिन हळूहळू वाढवत न्या. ठरावीक आरपीएमला एखादी घरघर उठली तर ती इंजिनची, त्याच्या माउंटिंगची किंवा सायलेन्सरची. मग मोकळ्या, सपाट रस्त्यावर साठला न्यूट्रल करा. इंजिन बंद करायचं नाही. जो आवाज तसाच राहतो तो टायरचा, वाऱ्याचा, चाकांच्या बेअरिंगचा किंवा डिफरन्शियलचा. त्यानंतर दारांच्या, काचांच्या सगळ्या फटी बाहेरून रंगाऱ्याच्या कागदी टेपनं बंद करून तोच रस्ता पुन्हा धरा. चालकाचं दार आत बसल्यावर सोबत्याकडून बंद करून घ्या. शिट्टी थांबली तर तुम्हाला शीट नको आहे, दारांचं रबर बीडिंग आणि काचांचं फेल्ट चॅनेल हवं आहे. पद्मिनीची रबरं मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडच्या बाजारात शोधली तर सापडतात, आणि माझ्या मते याइतका स्वस्त आणि मोठा फरक दुसऱ्या कशानंच पडत नाही.

चिरलेलं इंजिन माउंटिंग, सैल झालेले प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, तुटलेली सायलेन्सरची रबरी कडी, झिजलेले सस्पेन्शनचे बुश ही कामं शीटच्या आधी झालीच पाहिजेत. शीट या बिघाडांचा आवाज झाकते आणि बिघाड तसाच वाढत राहतो. जुन्या गाडीत चालकाचा कान हेच मीटर असतं. ते झाकून टाकणं धोक्याचं आहे. जीपच्या बाबतीत आणखी एक: तिची बॉडी वेगळ्या चासीवर बसते आणि मध्ये रबरी पॅड असतात. पन्नास वर्षांत ते दगडासारखे झालेले असतात. ते बदलले की जीपचा निम्मा खडखडाट जातो. उरलेलं काम फक्त पायाखाली आणि डॅशबोर्डमागे करावं. कापडी हूडच्या जीपमध्ये त्याहून जास्त खर्च वाया जातो.

मोबाइलवरचं आवाज मोजायचं अ‍ॅप इथे उपयोगी पडतं. त्याचा आकडा अचूक नसतो, पण तोच मोबाइल, तोच रस्ता, तोच वेग आणि तोच गिअर ठेवला तर आधी-नंतरची तुलना होते. डेसिबलचा हिशोब सरळ बेरजेचा नाही. ३ डेसिबल कमी म्हणजे आवाजाची ऊर्जा निम्मी; १० डेसिबल कमी झाले, तरच कानाला आवाज अर्धा झाल्यासारखा वाटतो. म्हणून ४-५ डेसिबल उतरले तर काम उत्तम झालं असं समजा.

तीन वेगळी कामं

दुकानदार सगळ्यालाच ‘साउंडप्रूफिंग’ म्हणतो, पण त्यात तीन निरनिराळी कामं आहेत, आणि एका कामाची वस्तू दुसऱ्या कामी येत नाही.

पहिलं काम पत्र्याचं थरथरणं थांबवणं. मोठा सपाट पत्रा स्वतःच आवाज काढतो. हलगीवर तळहात टेकवला की तिचा नाद बसतो, तसंच इथे करायचं. त्यासाठी बुटाइल रबराची, वर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेली शीट वापरतात. पत्रा वाकतो तेव्हा वरच्या अ‍ॅल्युमिनियममुळे मधलं चिकट रबर ताणलं जातं आणि कंपनाची ऊर्जा उष्णतेत जिरते. यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की यासाठी सगळा पत्रा झाकावा लागत नाही. प्रत्येक सपाट भागाच्या मध्यावर, एकूण क्षेत्रफळाच्या पाव ते एक तृतीयांश शीट लावली तरी बहुतेक काम होतं. बोटाच्या पेरानं ठोकून पाहा. ‘टण्ण’ वाजत होतं तिथे ‘ठप’ वाजलं की थांबायचं. दोन मिलिमीटर जाडीची शीट चौरस मीटरला तीन किलोच्या आसपास भरते, म्हणजे उगाच लावलेला प्रत्येक तुकडा वजनात मोजला जातो.

दुसरं काम आवाज अडवणं. हे फक्त वजनच करू शकतं. अडथळ्याचं वजन दुप्पट केलं की सुमारे ६ डेसिबल जास्त अडतात, असा साधारण नियम आहे. गाडीचा पत्रा चौरस मीटरला सहा-सात किलोचा; त्यावर पाच किलोचं जड विनाइल ठेवलं तर फरक कळतो. पण ते विनाइल पत्र्याला थेट चिकटवू नये. मध्ये फोमचा थर हवा, म्हणजे पत्र्याची कंपनं त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. एवढं वजन सगळ्या गाडीला झेपणारं नाही, म्हणून पद्मिनीत हे फक्त इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर आणि गिअरबॉक्सच्या बोगद्यावर.

आणि अडवणुकीचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे भोक. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या फक्त एक टक्का जागा उघडी राहिली, तर बाकीची भिंत कितीही जाड करा, २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडत नाही. डॅशबोर्डमागच्या पत्र्यात स्टिअरिंगचा दांडा, क्लच-ब्रेकचे पेडल, अ‍ॅक्सिलरेटरची कांब, चोकची आणि स्पीडोमीटरची केबल, वायरिंगचा जुडगा, सगळ्यांसाठी भोकं असतात. त्यांतली रबरी ग्रोमेट्स कडक होऊन फुटलेली असतात, आणि मधल्या काळात कुणीतरी टेप लावण्यासाठी पाडलेली जादा भोकंही निघतात. बॅटरीच्या उजेडात हा पत्रा तपासा. अंधाऱ्या गॅरेजमध्ये बॉनेटच्या बाजूनं कुणी दिवा धरला आणि केबिनमध्ये उजेडाचा एखादा किरण आला, तर तिथूनच आवाज, धूर आणि इंजिनची गरम हवाही येते. नवी ग्रोमेट्स बसवण्याचं हे काम तास-दोन तासांचं आणि शंभर-दोनशे रुपयांचं. ते न करता वर हजारो रुपयांचं विनाइल लावलेलं मी अनेक गाड्यांत पाहिलं आहे, आणि पैसे देणाऱ्याबद्दल वाईट वाटतं.

तिसरं काम आत आलेला आवाज शोषणं. फेल्ट, तागाचा नमदा, उघड्या छिद्रांचा फोम हे ते काम करतात, पण फक्त तीव्र, बारीक आवाजांसाठी. एक इंच जाडीचा फोम हजार-दोन हजार हर्ट्‌झच्या वरचा वाऱ्याचा आणि टायरचा आवाज घेतो. चार सिलिंडरच्या इंजिनची मूळ घुमघुम ३००० आरपीएमला १०० हर्ट्‌झची असते. तिची लहर साडेतीन मीटरच्या जवळपास लांब असल्यानं बोटभर फोमला ती जुमानत नाही. त्यामुळे ‘फोम भरला तरी इंजिन घुमतंच’ अशी तक्रार आली तर दोष फोमचा नाही. माउंटिंग, सायलेन्सर आणि ती भोकं पुन्हा पाहा.

पत्रा तयार करणं

या कामातला निम्म्याहून अधिक वेळ इथे गेला पाहिजे. बॅटरीचं कनेक्शन काढा. जुनी डांबरी पट्टी, नमद्याचे तुकडे, सोल्यूशनचे थर खरवडून काढा. हॉट एअर गननं डांबर मऊ करून पत्र्याची पट्टी चालवली की ते सोलपटासारखं निघतं. उरलेला डाग रॉकेलच्या फडक्यानं. ग्राइंडर लावू नका. १९६०-७० च्या दशकांतल्या काही गाड्यांच्या उष्णतारोधक पट्ट्यांमध्ये आणि गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस वापरलेलं असायचं. राखाडी, तंतूतंतूंची पट्टी दिसली तर ती कोरडी घासायची नाही. पाणी मारून ओली करा, चांगला मास्क लावा, अखंड उचला आणि पिशवीत बांधून टाका. हे पोरासोरांच्या हाती द्यायचं काम नव्हे.

पत्रा उघडा पडल्यावर स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं दाबून पाहा. जिथे रुततो तिथे पॅच मारणं आलं, आणि पॅच लांबीनं भरायचा नाही, नवा पत्रा वेल्ड करायचा. चालकाच्या पायाखाली, पुढच्या काचेच्या कोपऱ्यांच्या खाली आणि मागच्या सीटच्या कडांना विशेष लक्ष द्या. वेल्डिंग झाल्यावर गंज घालवणारं फॉस्फेटचं द्रावण, मग प्रायमर, सांध्यांवर सीम सीलर, त्यावर रंग. रंग पूर्ण वाळू द्या. थिनर कोंडलेल्या रंगावर बुटाइल लावलं तर पुढच्याच उन्हाळ्यात खाली फुगे येतात.

मग पाण्याची परीक्षा. काचा, रबरं बसल्यावर एकानं आत टॉर्च घेऊन बसायचं आणि दुसऱ्यानं नळीनं निदान अर्धा तास गाडीवर पाणी मारायचं. आधी पुढच्या काचेच्या खाली, नंतर दारांवर, शेवटी डिकीवर. जिथून थेंब येतो तिथे खडूची खूण करा. ही परीक्षा पार पडेपर्यंत आत काहीही चिकटवू नये. धुळ्यात पाऊस कमी, म्हणून ही पायरी टाळणारे बरेच आहेत. पण दोन तासांचा एक वळवाचा पाऊस पुरतो. नमद्यानं प्यालेलं पाणी बंद गाडीत आठवडेच्या आठवडे तसंच राहतं.

जमिनीच्या पत्र्यात मुळातच निचऱ्याची भोकं असतात आणि त्यांना रबरी बुचं असतात. ही भोकं शीटनं बुजवायची नाहीत. शीट त्यांच्याभोवती गोल कापा, बुचं नवी घाला. दारांच्या खालच्या कडेला असलेल्या चिराही तशाच मोकळ्या ठेवायच्या. काचेवरून दारात उतरणारं पाणी तिथूनच बाहेर जातं.

टपापासून सुरुवात

क्रम वरून खाली. पद्मिनीसारख्या गाड्यांत टपाच्या अस्तराच्या कडा काचांच्या रबराखाली जातात, म्हणून पुढची-मागची काच बाहेर असतानाच टपाचं काम उरका. नंतर सुचलं तर पुन्हा सगळं उघडावं लागतं. टपाच्या आडव्या पट्ट्यांमधल्या प्रत्येक मोकळ्या चौकोनात मध्यभागी बुटाइलचा एक तुकडा पुरे. त्यावर सहा ते दहा मिलिमीटर जाडीचा बंद छिद्रांचा फोम, अ‍ॅल्युमिनियमचं तोंड आतल्या बाजूला. एसीच्या डक्टला गुंडाळतात तो नायट्रिल रबराचा फोम एसीचं काम करणाऱ्यांकडे मिळतो आणि इथे छान चालतो. तो पाणी पीत नाही आणि उष्णता अडवतो. मे महिन्यात बाहेर ४३-४४ अंश असताना उन्हात बंद ठेवलेल्या गाडीच्या आत साठच्या वर तापमान जातं आणि टपाचा पत्रा त्याहून तापतो. आपल्याकडे टपाचा हा थर आवाजासाठी म्हणून लावला, तरी त्याचं खरं मोल उन्हाळ्यात कळतं. अस्तराच्या तारांना अडथळा होणार नाही इतकीच जाडी ठेवा, नाहीतर अस्तर खाली फुगून दिसतं.

तापमानाचा दुसरा अर्थ चिकटण्याशी आहे. धुळ्याला हिवाळ्यात पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो आणि उन्हाळ्यात पंचेचाळिशी गाठतो. एवढा चढउतार सगळं सोल्यूशन सोसत नाही. साध्या सोल्यूशननं लावलेला टपाचा फोम पहिल्या मे महिन्यात लोंबतो. उष्णतेला टिकणारं सोल्यूशन मागून घ्या, दोन्ही पृष्ठांना लावा, सुकल्यावर दाबा. आणि गॅरेजचं शटर उघडं ठेवा, कारण त्याच्या वाफा घातक आणि ज्वलनशील असतात. बुटाइल शीट थंडीत सकाळी लावायची तर हॉट एअर गननं कोमट करा. उन्हाळ्यात दुपारी लावू नका. तापल्या पत्र्याला ती टेकताक्षणी धरते आणि जागेवरून हलवता येत नाही. लावण्याआधी पत्रा पुसायचा तो दोनदा. काळ्या मातीची बारीक धूळ डोळ्याला दिसत नाही, पण शीट चिकटू देत नाही. रोलर जोरानं फिरवा, अ‍ॅल्युमिनियमवरची नक्षी सपाट होईपर्यंत. हातमोजे घाला, त्या कडा ब्लेडसारख्या कापतात.

दारांचं काम सोपं आहे. आतून हात घालून बाहेरच्या पत्र्याच्या मधोमध, एक तृतीयांश भागावर बुटाइल. काच पूर्ण खाली-वर करून ती कुठे घासत नाही याची खात्री करा. सगळ्यात महत्त्वाचा असतो तो दाराच्या पॅडमागचा प्लॅस्टिकचा पडदा. पॅड हार्डबोर्डचं असतं, ओलं झालं की फुगतं आणि खिळपट्ट्या सोडतं. जाड पॉलिथिन कापून बुटाइलच्या पट्टीनं चारी बाजूंनी बसवा, खालची कड मात्र दाराच्या पोटात सोडा, म्हणजे पाणी आतल्या आत खाली जाईल. दार लावल्यावरचा तो भरीव आवाज याच कामातून येतो.

डॅशबोर्डमागच्या पत्र्याचं सांगून झालंच आहे: भोकं बंद, थोडं बुटाइल, मग फोम, मग जड विनाइल, आणि या थरांना शक्य तितके कमी तुकडे. वायरिंग या थरांखाली गाडू नका. पन्नास वर्षांच्या वायरचं आवरण तडकलेलं असतं. जिथे तडा दिसेल तिथे वायर बदला आणि नळीत घालून थरांच्या वरून न्या, हाताला लागेल अशी.

जमिनीवर बुटाइलचे तुकडे चिकटवायचे, त्यावरचं काहीही चिकटवायचं नाही. हा नियम मी सगळ्यांना आग्रहानं सांगतो. फोम, नमदा, कार्पेट असे तिन्ही थर सुटे, पायाच्या आकारानुसार कापलेले, बटणांनी अडकवलेले असावेत. पाणी सांडलं, पाऊस आत आला, तर पाच मिनिटांत सगळं उचलून उन्हात टाकता आलं पाहिजे. आपल्या उन्हात नमदा दुपारपर्यंत खडखडीत वाळतो. वर जळगावची प्लॅस्टिकची चटई अंथरायची असेल तर हरकत नाही. ती धुता येते आणि पाणी पीत नाही. फक्त सायलेन्सरचा पाइप जिथून जातो त्या भागावर नको.

त्या पाइपचीही व्यवस्था करा. जिथे पाय पोळतात तिथे आतून थरांवर थर चढवण्यापेक्षा बाहेरून, पाइप आणि जमिनीचा पत्रा यांच्यामध्ये अ‍ॅल्युमिनियमची एक पट्टी, जमिनीपासून बोटभर अंतर ठेवून बसवा. मूळ भोकांना किंवा कंगोऱ्यांना क्लिपनं धरवा. मधल्या हवेमुळे आणि चकाकत्या पृष्ठामुळे उष्णता तिथेच अडते.

डिकीत मागच्या चाकांच्या कमानींवर बुटाइलचे काही तुकडे आणि मागच्या सीटच्या पाठीमागे फेल्टचा एक थर, एवढं पुरे.

हे सगळं मिळून पद्मिनीत वीस किलोच्या आत बसतं: बुटाइल तीन चौरस मीटर, विनाइल एक-सव्वा, बाकी फोम-नमदा. संपूर्ण पत्रा झाकला तर हाच आकडा चाळीसच्या पुढे जातो आणि कानाला मिळणारा जादा फायदा अगदी थोडा असतो.

हे वापरू नका

गच्चीची गळती थांबवणारी डांबराची चकाकती टेप बुटाइलसारखीच दिसते आणि पाव किमतीत मिळते. ती आपल्या उन्हाळ्यात वितळते, टपावरून अस्तरावर उतरते आणि आत डांबराचा वास कायमचा राहतो. विकत घेताना तुकडा हातात घेऊन वास घ्या. बुटाइलला डांबराचा वास नसतो.

थर्माकोल नको. सोल्यूशन लागलं की विरघळतं, आणि पेट घेतलं तर भडकतं. स्प्रेनं फुगणारा पीयू फोम दाराखालच्या पेट्यांमध्ये भरण्याचा सल्ला काही जण देतात. तो कृपा करून ऐकू नका. त्या पेट्या गाडीचा भार पेलतात, त्यात पाणी येतं-जातं. फोम ते पाणी धरून ठेवतो, आणि पुढे तिथे वेल्डिंग करायची वेळ आली तर तो जळतो. गादीचा कापूसही नको. कापूस आपल्या भागात मुबलक म्हणून पूर्वी कुणीकुणी तो सीटखाली, दारांत भरत. तो आग धरतो, ओल धरतो आणि शेताजवळच्या शेडमध्ये उभ्या गाडीत उंदरांना घर करून देतो. उंदीर आले की पुढचा घास वायरिंगचा असतो.

वाहनांच्या आतल्या सामानाच्या ज्वलनशीलतेसाठी भारतात आयएस १५०६१ हे मानक आहे. वस्तू घेताना त्याबद्दल विचारा. उत्तर मिळालं नाही तर एक तुकडा पक्कडीत धरून, मोकळ्या जागी, बादलीभर पाणी जवळ ठेवून पेटवून पाहा. ज्योत दूर केल्यावर जो स्वतःहून विझतो तो घ्या. जो जळत राहतो आणि थेंब गाळतो, तो कितीही स्वस्त असला तरी परत करा. आपल्या गाडीत आपलीच माणसं बसणार आहेत.

एक मुद्दा कागदपत्रांचा. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या बदलानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेल्या, वैयक्तिक वापरातल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळू शकते. पण तिचं मूळ रूप राखलेलं असावं लागतं आणि चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. १९७५ ची पद्मिनी आता त्या वयात आली आहे. वर सांगितलेलं काम अस्तर आणि मॅटच्या खाली राहतं आणि काढता येतं. त्यासाठी बॉडीत नवी भोकं पाडायची, पट्ट्या वेल्ड करायच्या किंवा बोगदा कापायची काहीही गरज नाही, आणि कुणी सुचवलं तरी करू देऊ नका. निघालेला मूळ नमदा, रबरी मॅट, डांबरी पट्टीचा एखादा तुकडा फेकू नका. त्यावर जागा लिहून ठेवा. प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा, शीटच्या तुकड्यांच्या जागा दिसतील असे. पुढे कधी जमिनीला पॅच मारायचा झाला तर वेल्डरला वेल्डिंगच्या जागेवरची शीट आधी काढावी लागेल, आणि ती कुठे आहे हे तुमच्या फोटोंवरूनच कळेल.

काम पूर्ण झाल्यावर गाडी पुन्हा त्याच रस्त्यावर, त्याच वेगानं न्या. इंजिन ऐकू येईल, आणि ते यायलाच हवं; गिअर कधी बदलायचा ते जुन्या फियाटमध्ये कानानंच ठरतं. पत्र्याची थरथर आणि फटींची शिट्टी मात्र गेलेली असली पाहिजे. त्यानंतर येणाऱ्या पहिल्या मोठ्या पावसात गाडी मुद्दाम बाहेर उभी ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी चारही कार्पेट उचला, नमद्याखाली हात घालून पाहा, आणि बोट ओलं झालं तर गाडी शेडमध्ये नेण्याआधी पाणी कुठून आलं ते शोधा.